पित्तनलिकेच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर माणूस किती वर्षं जगेल, हे कसं ठरवतात?

तुमच्या वडिलांना ऑपरेशनच्या वेळी पाच वर्षं जगायची शक्यता 30 टक्के सांगितली होती आणि आता दोन वर्षं झाली. आता तो आकडा कशाला धरून बसलात? शिळा झाला तो.

आमच्या आण्णांना ऐन सोयाबीनच्या काढणीत कावीळ झाली. दुखणं काही नाही, नुसती अंगाला खाज. गावात कावीळ उतरवून झाली, झाडपाला झाला, मग परभणीत सोनोग्राफी आणि तिथून संभाजीनगर. गाठ नलिकेच्या खालच्या टोकाला, म्हणून व्हिपल केलं, म्हणजे नलिकेसोबत स्वादुपिंडाचं डोकं आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग काढायचं मोठं ऑपरेशन. त्याच संध्याकाळी एका शिकाऊ डॉक्टरनं जिन्यात उभारून सांगून टाकलं, "पाच वर्षांचे वीस-पंचवीस टक्के धरा." बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता अजून! दाजींनी तेवढंच ऐकलं. गावात ही बातमी पोचली ती 'म्हातारं काही राहत नाही' अशीच. लगेच वाटणीची बोलणी, फेरफार कधी करायचा, आणि धाकटी बारावीला असताना तिच्यासाठी स्थळं. किमो म्हणजे पैसा पाण्यात, हेही दाजीच.

रिपोर्ट आला तेव्हा कापून काढलेल्या तुकड्याच्या कडा साफ होत्या, लसिकाग्रंथी साफ होत्या, फक्त मज्जातंतूंभोवती कॅन्सर शिरलेला होता. अंदाज बांधायचा तो ह्या कागदावरून. किती ग्रंथी तपासल्या तेही बघा. खालच्या टोकाच्या गाठीत डझनभर तरी लागतात. चारच तपासून 'साफ' लिहिलं असेल तर त्याच्यावर विसंबू नका. ऑपरेशन झालेल्या सगळ्यांची पाच वर्षं जगायची सरासरी 20 ते 40 टक्क्यांच्या आसपास फिरते, पण त्यात कडा साफ असलेला आणि ग्रंथीत पसरलेला एकाच पोत्यात भरलेले असतात.

दोन वर्षांनंतरचा हिशोब वेगळा. समजा, 100 जणांतले दोन वर्षांनी 60 उरले आणि पाच वर्षांनी 30. मग दोन वर्षं काढलेल्याला पाच गाठायची शक्यता 60 पैकी 30, म्हणजे निम्मी. उलटून येणारा बहुतेक आजार पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून हे असं होतं. डॉक्टरांना सरळ विचारा, "आजपासून पुढं किती?"

किमोचं म्हणाल तर आण्णांनी कॅपेसिटाबिन ही किमोची गोळी पूर्ण घेतली. तळपाय सोलून निघाले, तरी सोडली नाही. ह्याच गोळ्यांची ब्रिटनमधली बिलकॅप चाचणी 2019 ला छापून आली. गोळ्या घेतलेल्यांतले निम्मे 51 महिन्यांच्या पुढं गेले, न घेतलेल्यांत हाच आकडा 36 महिने. दाजींना हे छापून दाखवलं होतं. ते म्हणले, "कागदावर काय काहीही लिहितात."

आण्णा चौथ्या वर्षी गेले. यकृतात परत आलं. तोवर त्यांनी दोन पेरण्या स्वतः उभं राहून करून घेतल्या, जेवताना पचनासाठीच्या एन्झाइमच्या गोळ्या घेत मोंढ्यातल्या भावावर वाद घातले आणि धाकटीला कृषी विद्यापीठात शिकताना बघितलं. दहाव्याला दाजी चारचौघांत म्हणले, "मी म्हणलोच होतो." काय म्हणला होतात? तुम्ही सहा महिने म्हणला होतात. आणि एक माणूस गेला म्हणून टक्केवारी खरी ठरत नसते, आणि ते दहा वर्षं जगले असते तरी खोटी ठरली नसती.

मी डॉक्टर नाही, शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. बिलकॅपमधला फरकही काटेकोर गणितात थोडक्यात कमी पडला होता, तरी गोळ्या देतातच. यकृताच्या आतली किंवा यकृतातून नलिका बाहेर पडते तिथली गाठ असेल तर माझे निम्मे आडाखे लागू नाहीत. पाच वर्षांनंतरही आजार उलटतो, तेव्हा तपासणी सोडू नका. ताप-थंडी किंवा परत कावीळ दिसली तर त्याच दिवशी दवाखाना.

वाटणीचा विषय कोणी काढलाच तर वडिलांसमोर काढू द्या. आमच्यात तो त्यांच्या पाठीमागं निघाला. आण्णांना कळल्यावर सातबारा त्यांनी गादीखाली ठेवला, आणि दाजींना शेवटपर्यंत तो दिसला नाही.