इंदूरला बदली झाली आहे. रोज ऑफिसला जायला इलेक्ट्रिक सिटी बसच्या भरवशावर राहता येईल का?

गाडीच्या भरवशावर राहा. वेळेच्या भरवशावर राहू नका, आणि त्याचं खापर बॅटरीवर फोडू नका.

मी इथल्या एका सिटी बस डेपोत इलेक्ट्रिशियन आहे. ‘इलेक्ट्रिक बस म्हणजे खेळणं, उन्हाळ्यात हमखास बंद’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. आमचे साडूभाऊ ते घरच्या प्रत्येक कार्यात ऐकवतात. त्यांची हयात रोडवेजच्या, म्हणजे मध्य प्रदेशच्या सरकारी एसटीच्या, वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांत गेली.

मागच्या मे महिन्यात भर दुपारी पलासियाला एक बस उभी राहिली. एसी बंद, दारं उघडेनात, लोक काचा बडवतायत. कुणीतरी व्हिडिओ काढला, संध्याकाळी तो आमच्या घरच्या ग्रुपवर हजर: ‘बॅटरी उतरली!’ मी गाडीवर पोचलो तेव्हा गाडी चालवणारी मोठी बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली होती. उतरली होती ती २४ व्होल्टची लहान बॅटरी, जी डिझेल बसमध्येही असते. मोठ्या बॅटरीतून तिला चार्ज करणाऱ्या कन्व्हर्टरचं कनेक्शन सैल झालं होतं. लहान बॅटरी उतरली की मोठीचे काँटॅक्टर, म्हणजे तिला गाडीशी जोडणारे स्विच, सुटतात आणि अख्खी गाडी ठप्प होते. कनेक्शन आवळलं, जंप दिला, बस स्वतःच्या चाकांवर डेपोत आली. सकाळी कुणी ती वायर हलवून पाहिली असती तर हे झालंच नसतं. पण सकाळी तपासायला माणूसच नव्हता.

साडूभाऊंना हे सगळं सांगून झालंय. क्लच नाही, इंजेक्टर नाही; ब्रेक मारला की आधी मोटरच गाडी रोखते, त्यामुळे लायनर कमी झिजतात. बिघडायला डिझेलपेक्षा जागाच कमी! उन्हाळ्यात एसीमुळे एका चार्जमधले किलोमीटर घटतात, हे खरं. मग दुपारी डेपोत चार्जर मोकळा मिळायला हवा. तो नसला की पुढची फेरी रद्द, आणि स्टॉपवरचा माणूस बसला शिव्या देतो.

वेळेचं म्हणाल तर एबी रोडवर निरंजनपूर ते राजीव गांधी चौक २०१३ पासून बीआरटीएसची, म्हणजे फक्त बससाठीची, वेगळी लेन होती. २०२५ मध्ये हायकोर्टाने ती काढायला सांगितली. आता बस गर्दीत सगळ्यांबरोबर अडकते. उभ्या गाडीत मोटर वीज खात नाही, एसी खातो.

हो, बॅटरी जुनी होत गेली की पल्ला कमी होतो, हेही धरून चला. रात्रीच्या शेवटच्या बसवर विसंबू नका.

साडूभाऊंचं म्हणणं, डिझेलच भरवशाचं. त्यांची रोडवेज सरकारने २००५ मध्ये गुंडाळायला घेतली, तेव्हा गाड्या डिझेलच्याच होत्या ना? इंजिनं चांगली होती, हे मीही मानतो. इथे आलात की तुमच्या नगरसेवकाला एवढंच विचारा: डेपोत चालू चार्जर किती, आणि रात्रपाळीला इलेक्ट्रिशियन किती?