नवा ड्राइव्ह पिंग होतो, तरी पीएलसीवर बीएफचा लाल दिवा का?

तुम्ही लिहिलंय की सातपूरच्या कारखान्यात कन्व्हेयरचा ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारं उपकरण) जळाला, त्याच मॉडेलचा नवा बसवला, जुनाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिला, पिंगही होतो, म्हणजे त्या पत्त्यावरून उत्तर येतं. पण सीमेन्सच्या पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, बीएफ (बस फॉल्ट, नेटवर्कवरच्या बिघाडाचा दिवा) लालच आहे. पीएलसी आणि ड्राइव्ह बोलतात ते नेटवर्क प्रोफिनेट आहे ना? मग आयपी सोडा, ड्राइव्हला नाव दिलंय का ते आधी बघा.

प्रोफिनेटमध्ये साधारणपणे पीएलसी आयपीवरून नाही, नावावरून उपकरण शोधतो. चालू झाला की नेटवर्कवर विचारतो, या नावाचं कोण आहे? ज्याचं उत्तर येईल त्याला आयपी पीएलसी स्वतःच देतो आणि मग डेटा सुरू होतो. कोऱ्या ड्राइव्हला नावच नसतं, त्यामुळे तो त्या हाकेला ओ देत नाही. पिंगला मात्र देतो, आणि तिथेच आपण चकतो.

अंबडला एका प्रेस शॉपमध्ये रात्रपाळीत माझे तीन तास यातच गेले. केबल बदलली, स्विचचं पोर्ट बदललं, आयपी चारदा तपासला. शेवटी नाव वाचलं तर स्पेअर दुसऱ्या मशीनवरून काढलेला निघाला आणि त्यात त्या मशीनचंच नाव होतं! फॅक्टरी रिसेट करून नाव दिलं, दिवा लगेच विझला.

नाव टीआयए पोर्टलमधून (सीमेन्सचं पीएलसी प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) द्या, किंवा सीमेन्सच्याच मोफत प्रोनेटामधून. लॅपटॉप त्याच नेटवर्कमध्ये हवा, राउटरच्या पलीकडून ड्राइव्ह सापडणार नाही. प्रोनेटा वापरलंत तर प्रोजेक्टमध्ये 'कन्व्हर्टेड नेम' म्हणून दिसतं तेच नाव अक्षर न् अक्षर टाका. त्यात अंडरस्कोर किंवा स्पेस चालत नाही.

पुढच्या वेळी रात्री लॅपटॉप शोधायची वेळ येऊ नये म्हणून प्रोजेक्टमध्ये टोपोलॉजी भरून ठेवा, म्हणजे कुठल्या पोर्टला कोणाची केबल आहे ते. उपकरणांना एलएलडीपी (शेजारी कोण जोडलंय ते सांगायची पद्धत) येत असेल तर शेजाऱ्यावरून पीएलसी कोरा ड्राइव्ह ओळखतो आणि नाव स्वतःच देतो. मात्र ड्राइव्हच्या दोन पोर्टांच्या केबली अदलाबदल झाल्या तर हे जमत नाही, म्हणून काढण्याआधी दोन्हींवर खुणेची पट्टी लावाच.

हे सगळं प्रोफिनेटपुरतं. शेजारच्या मशीनवर इथरनेट/आयपी हे दुसरं औद्योगिक नेटवर्क असेल तर तिथे आयपीच बरोबर लागतो.