निंजाची गुंडाळी की निंज्याची बखर?

प्रश्न असा आहे : ‘निंजा स्क्रोल’ या १९९३च्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, चित्रपटावरून २००३ साली १३ भागांची मालिका निघाली. तिच्यावर मराठीत लिहिताना शीर्षकाचं भाषांतर ‘निंजाची गुंडाळी’ केलं आणि मित्र हसले. ते ‘निंज्याची’ हवं होतं म्हणून हसले, की ‘गुंडाळी’ला?

बहुधा गुंडाळीला. ‘निंजाची’ माझ्या मते बरोबर आहे, आणि त्याचं कारण व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जिभेवर जास्त आहे. पंजा, मोजा, दरवाजा हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. शेवटचा ‘जा’ दातांमागून येतो, जहाजातल्या ‘ज’सारखा. त्यांचं सहज पंज्याचा, मोज्याचा होतं. आता ‘राजा’ म्हणा. इथला ‘ज’ टाळूवरचा, जीवनातला, आणि आपण ‘राजाचा’ म्हणतो, ‘राज्याचा’ म्हटलं की किंगडम होतं. जपानी ‘निंजा’तला ‘ज’ही असाच टाळूवरचा आहे. शिवाय निंजा हा माणूस, जुन्या जपानातला हेर आणि मारेकरी. काका, मामा, दादा यांच्या पंक्तीत तो तसाच बसतो. म्हणून निंजाचा, निंजाला, दोन निंजा. पोरं ‘चार निंजे आले’ म्हणतात ते मला आवडतं, पण लेखात नको.

आता गुंडाळी. मुळात जपानी शीर्षकात गुंडाळी नाहीच. चित्रपटाचं मूळ नाव ‘जूबे निंपूचो’, त्यातला जूबे हा नायक. (इंग्रजी स्पेलिंग वाचून आपण ‘जुबेई’ लिहितो, उच्चार ‘जूबे’च्या जवळ, दोन्ही अक्षरं लांबवून.) शेवटचा ‘चो’ म्हणजे वही. जपानी माणूस खिशातल्या डायरीला आजही ‘तेचो’ म्हणतो, म्हणजे हातवही. गुंडाळीला त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, ‘माकिमोनो’, गुंडाळलेली वस्तू. सुशीच्या ताटात जी ‘माकी’ येते तीच ही माकी. आपल्याकडेही कागदाची होते ती सुरळी आणि बेसनाची होते तीही सुरळीचीच वडी, तेव्हा हसायला आपल्याला तोंड नाही. तर ‘स्क्रोल’ ही इंग्रजीवाल्यांची भर. आपण मराठीत तिच्यावरून भाषांतर करायचं म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स.

मधल्या ‘निंपू’त खरी गंमत आहे. यामादा फूतारो या कादंबरीकाराने १९५८पासून निंजांवरच्या कादंबऱ्यांची मोठी रांग लावली, तिचं नाव ‘निंपोचो’ : निंजाविद्येची वही. दिग्दर्शक योशिआकी कावाजिरी यांच्या चित्रपटाच्या नावात त्या ‘पो’च्या जागी ‘पू’ आला, म्हणजे वारा. एका स्वराचा फरक, आणि जाणकार वाचकाला थेट खूण. नायकाच्या नावातही हाच खेळ. १७व्या शतकातला प्रसिद्ध तलवारबाज याग्यू जूबे आपल्या नावातला ‘जू’ दहा या अर्थाच्या चिन्हाने लिहायचा. चित्रपटातल्या जूबेच्या नावात ‘जू’ आहे श्वापदाचा. ऐकायला सारखं, लिहायला वेगळं. मराठीत हे येणार नाही, त्यावर झुरू नका.

‘निं’ मात्र आपल्याला परका नाही. त्या चिन्हाचा अर्थ सोसणे, आणि लपून राहणेही. चिन्हात वर पातं आणि खाली हृदय दिसतं, म्हणून ‘काळजावर पातं ठेवून जगतो तो निंजा’ असं रसाळ स्पष्टीकरण सांगितलं जातं. रसाळ आहे, पण वरचं पातं तिथे मुख्यतः उच्चार दाखवायला बसलंय. त्यापेक्षा मला दुसरी गोष्ट भारी वाटते : बौद्ध ग्रंथ चिनीत गेले तेव्हा संस्कृत ‘क्षांति’साठी हेच चिन्ह वापरलं गेलं. म्हणजे अंधारात गळे कापत हिंडणारा हा इसम नावापुरता तरी क्षमाशील आहे.

मग शीर्षक काय करायचं? ‘वही’ म्हटलं की शाळा आठवते, ‘पोथी’ला सोवळं लागतं, ‘बाड’ जवळचं आहे पण त्याला धूळ फार. मी ‘बखर’ घेईन. पराक्रम, दगाफटका, थोडी अतिशयोक्ती आणि सांगणाऱ्याचा ठसका, सगळं त्या एका शब्दात येतं. ‘जूबेची बखर’.

आणि मालिकेला जपानीत पुढे आणखी एक शेपूट आहे, ‘र्‍यूहोग्योकु-हेन’. हेन म्हणजे ग्रंथाचा भाग, होग्योकु म्हणजे रत्न, र्‍यू म्हणजे ड्रॅगन. इंग्रजीतून आलात तर ‘ड्रॅगन रत्न’ लिहाल. पण बौद्ध ग्रंथांत हेच र्‍यूचं चिन्ह ‘नाग’ या शब्दासाठी येतं. नागार्जुनाचं जपानी नाव र्‍यूजू यातला र्‍यू हाच. तेव्हा ‘जूबेची बखर : नागमणी पर्व’ हे शब्दाला धरून आहे, ओढूनताणून नाही. टीव्हीवरच्या इच्छाधारी नागिणी आठवतील हा धोका आहे, पण ज्या मालिकेत एका मण्यासाठी दोन टोळ्या जिवावर उठतात तिला तो थोडा चालेल.

त्यातल्या एका टोळीच्या नावापाशी मात्र हात आखडा. ‘किमोन’ म्हणजे राक्षसाचं दार; जपानी समजुतीत ईशान्य दिशा, जिथून अरिष्ट आत येतं. आपल्याकडे वास्तू सांगणारा त्याच ईशान्येला देवघर मांडायला लावतो. तिथे भाषांतर करू नका, ‘किमोन’च ठेवा.