हाताला इसब आहे, लाल होऊन खूप खाजतं. लगेच आराम पडेल असा घरगुती उपाय आणि पथ्य सांगाल का?

पथ्याचं आधी सांगते, कारण तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. वांगं सोडलं, दही सोडलं, आंबवलेलं सगळं सोडलं, सासूबाईंच्या सांगण्यावरून काही दिवस अळणीसुद्धा जेवले. हात होते तसेच. रक्त खराब झालं की इसब होतो, ही आमच्याकडची ठाम समजूत आहे आणि ती चूक आहे. मोठ्या माणसांच्या हाताला इसब झाला तर ताटात काय आहे ते नंतर बघा, दिवसभर हातात काय असतं ते आधी बघा.

सोलापुरात आमचं शेंगा चटणीचं घरगुती काम आहे. मी आणि मोठ्या जाऊबाई. शेंगदाणे भाजणं, कुटणं, गिऱ्हाईक सांभाळणं त्यांच्याकडे. लसूण सोलणं आणि भांडी धाकटी म्हणून माझ्याकडे. सुरुवातीला डाव्या हाताचा अंगठा, त्याच्या शेजारचं बोट आणि मधलं बोट, एवढ्यांचीच टोकं कोरडी पडली. मग भेगा, मग लाली, आणि रात्री अशी खाज की हात भिंतीला घासत बसायचे. पुढे भांड्याच्या साबणाने ते दोन्ही हातांवर पसरलं. जाऊबाईंचं निदान तयार होतं, कामाचा कंटाळा! आम्ही जन्मभर हेच केलं, आम्हाला कसं नाही झालं? वर हे लागतं म्हणून गौरीच्या स्वयंपाकात मला हात लावू द्यायच्या नाहीत. पुरण वाटायला माझे हात चालत नव्हते, पुरणाची पातेली घासायला मात्र चालत होते.

इसब लागत नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही. कुणी ताट-वाटी वेगळी ठेवत असेल तर त्यांना हे वाचून दाखवा.

शेवटी मिस्टरांनी स्किनच्या डॉक्टरांकडे नेलं. बाईंनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि एवढंच विचारलं, "सुरी उजव्या हातात धरता ना?" लसणाची पाकळी डाव्या हाताच्या त्याच तीन बोटांत धरतात, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मग पॅच टेस्ट केली. यात वेगवेगळ्या पदार्थांचे लहान ठिपके पाठीवर चिकटवतात, दोन दिवस पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, मग पट्ट्या काढून बघतात आणि एक-दोन दिवसांनी परत बघतात. माझा डायअलाइल डायसल्फाइडचा ठिपका लाल होऊन फुगला. तो घटक लसणातलाच. रिपोर्ट घरी आणून दाखवला तर जाऊबाई म्हणाल्या, "पाठीला लावून हाताचं कळतं होय?"

कळतं, जाऊबाई. अ‍ॅलर्जी अंगभर असते, फक्त वस्तू जिथे लागते तिथे उठते. आणि तुम्हाला का नाही झालं, त्याचंही उत्तर आहे. काहींची कातडी मुळातच ओलावा धरून ठेवायला कमी पडते. घरात कुणाला दमा, सततच्या शिंका किंवा लहानपणी इसब असेल तर हे जास्त दिसतं. माझ्या वडिलांना दमा होता. दिवसात दोन तासांहून जास्त वेळ हात ओले राहत असतील तर कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणारे त्याला हातांना धोक्याचं काम धरतात. घरची बाई ते रोज करते, पण तिला कामगार कोण म्हणतो?

बरं, तुमची खाज. गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं दहा-पंधरा मिनिटं हातावर ठेवा. काढल्या काढल्या, हात ओलसर असतानाच, पेट्रोलियम जेली चोपडा. खोबरेल चालेल, मोहरीचं तेल नको. हात धुतल्यावर दर वेळी हेच. रात्री जाड थर लावून वर सुती हातमोजे किंवा जुने मोजे चढवा. कढत पाण्याखाली हात धरला की स्वर्गसुख वाटतं, पण नंतर दुप्पट खाजतं. लिंबू, हळदीचा लेप, कडुनिंबाचा काढा भेगांवर लावू नका. झोंबतं म्हणजे गुण येतोय, असं काही नसतं.

लाली मात्र नुसत्या जेलीने जात नाही, त्याला स्टिरॉइडचं मलम लागतं. त्याला घाबरणारेच लोक मेडिकलमधून तीन औषधं एकत्र असलेली ट्यूब बिनधास्त आणतात. तिच्यात स्टिरॉइडच असतं, अनेकदा क्लोबेटासोलसारखं जबर. अशी बरीच मलमं 2018 पासून चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी मिळतात. डॉक्टरांनी दिलेलं मलम बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलं की साधारण अर्धा ग्रॅम होतं, तेवढं एका हाताला पुढून-मागून पुरतं. सांगितलेले दिवस लावा. हाताचं मलम तोंडाला लावू नका, तळहाताची कातडी जाड असते म्हणून तिथे जास्त जोराचं देतात.

कारण गेलं नाही तर हे सगळं पुन्हा येतं. म्हणून भांडी वाटून घ्या. आमच्याकडे आता मिस्टर घासतात आणि जाऊबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या, न बोलू देत. लसूण सोललेला विकत आणतो. त्याचा पैसा चटणीच्या भावात धरलाय.

हो, एक राहिलं. चट्टा गोल असेल, कडेला उठलेला आणि मध्ये साफ, किंवा एकाच हाताला असेल, तर तो गजकर्णही असू शकतो. तो लागतो आणि स्टिरॉइडने आणखी पसरतो, म्हणून न दाखवता मलम लावू नका. तळव्यावर साबुदाण्यासारखे पाण्याचे बारीक फोड आले तर तोही इसबाचाच प्रकार, फोडू नका. पिवळी खपली, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हातमोजे भांड्यांना वापरा, आत सुती, वर व्हिनाइलचे. वीसेक मिनिटांत काढा, घामानेही खाजतं. लसणाला साधे मोजे उपयोगाचे नाहीत, तो घटक आरपार जातो. भोक पडलं की फेकून द्या. जाऊबाई तिखट कालवायला भोकाचेच वापरतात, त्यांचं त्या बघतील.