चर्चच्या मंडळीत राबणाऱ्याला कुणी विचारत नाही आणि पैशाचा संशय असलेला कमिटीवर. यात देवाचा न्याय कुठे?

तुम्ही लिहिलंय की खुर्च्या मांडण्यापासून आजाऱ्यांच्या भेटीपर्यंत सगळं तुम्ही करता, पण नाव कुणी घेत नाही. वर्गणीच्या पैशांवरून ज्याच्याबद्दल कुजबुज आहे, तो मात्र कमिटीत मानाने बसतो. मग नम्र सेवकाने गप्प बसायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मी मूळचा नगरचा, प्रॉटेस्टंट घरातला, आता गोव्यात वास्कोला राहतो. पाळक (चर्चचा धर्मगुरू) वगैरे नाही, त्यामुळे एका विश्वासणाऱ्याचं मत म्हणून वाचा. मला वाटतं, तुमच्या प्रश्नात दोन दुखणी एकात एक गुंतली आहेत. नाव होत नाही हे एक, आणि पैशाचा हिशेब नाही हे दुसरं. पहिलं गिळायला शिकावं लागतं. दुसरं गिळू नये.

आधी पहिलं. आमचे शेजारी कॅथलिक, त्यांच्याबरोबर पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, चर्चमध्ये जातो. बारा जण पुढे बसतात, एका पायातला बूट काढतात, पाद्री जगने पाणी घालून पाय धुतात आणि पुसतात. पाय घरूनच घासूनपुसून आलेले असतात, हे सांगायला नकोच! विधी सुंदर असतो. पण त्यानंतर घंगाळ उचलून पाणी बाहेर ओतणारी आणि ओली फरशी पुसणारी बाई असते, तिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. तुमची जागा तिच्याशेजारी आहे, आणि ती कमी दर्जाची नाही. बायबलात योहानाच्या शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायात येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा इस्कर्योतही तिथेच होता. तो बाहेर गेला तो नंतर. म्हणजे समोरचा लायक आहे का, हे बघून पाणी ओतलं गेलं नाही.

आमच्याच मुरगाव तालुक्यातल्या सांकवाळचं घराणं असलेले संत जोसेफ वाझ घ्या. जन्म 1651चा, बाणावलीतला. डचांनी श्रीलंकेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी केली होती, म्हणून 1687 मध्ये हे मजुराच्या वेशात तिथे उतरले. श्रीलंकेतल्याच कँडीच्या राज्यात त्यांना हेर समजून तुरुंगात टाकलं. 1697 मध्ये देवीची साथ आली. लोक आजाऱ्यांना टाकून पळाले. वाझ मात्र त्यांची शुश्रूषा करत आणि मेलेल्यांना पुरत राहिले. 1711 मध्ये कँडीतच वारले. संत म्हणून जाहीर झाले ते 2015 मध्ये. आमच्या परंपरेत संतांना प्रार्थना करत नाहीत, पण हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

आणि कुढल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका. आसाफ तर मंदिरातल्या गायकांचा प्रमुख, तरी बायबलातल्या 73व्या स्तोत्रात उघड म्हणतो की दुष्टांची भरभराट बघून माझा हेवा जागा झाला, मी उगाचच मन स्वच्छ ठेवलं. ही तक्रार शास्त्रातून कुणी खोडली नाही.

आता पैसे. इथे नम्रतेचं पांघरूण घेऊन झोपणं म्हणजे चोराला साथ. याकोबाच्या पत्रात (5:4) कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आणि ती आरोळी सेनाधीश परमेश्वराच्या कानी जाते. म्हणजे देवाच्या न्यायात रोजंदारीचाही हिशेब आहे. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्याने बरोबर माणसं घेतली, कारण कुणाला बोट ठेवायला जागा नको होती (करिंथकरांस दुसरे पत्र, 8:20-21). पौलाला जे करावंसं वाटलं, ते तुमच्या खजिनदाराला जड का जावं?

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात वाट दिली आहे. आधी त्या माणसाला एकट्यात गाठा. तो ऐकत नसेल तर एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीसमोर मांडा. बहुतेक ठिकाणी लोक नेमकं उलटं करतात: आधी सगळ्यांना सांगतात, त्या माणसाला कधीच नाही. संशय खोटाही असू शकतो, म्हणून चोर म्हणू नका, हिशेब मागा. वार्षिक सभेच्या आधी लेखी पत्र द्या: कोणत्या वर्षाचा जमाखर्च आणि कोणत्या पावत्या बघायच्या आहेत ते साध्या भाषेत. ‘लोक म्हणतात’ हे शब्द त्यात नकोत. एका प्रतीवर पोच घ्या आणि ती घरी ठेवा. तोवर रविवारच्या खुर्च्या मात्र मांडत राहा. त्या काही कमिटीसाठी मांडत नव्हतात.