टाकीचा रंग आणि तिची झाळण

जुन्या वस्तूंची निगा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझे वडील डोंगर भटकायचे. त्यांच्या मावसभावांनी अमेरिकेहून आणलेला लाल टाकीचा कोलमन कंदील, मॉडेल २००ए, हरिहर आणि ब्रह्मगिरीच्या मुक्कामांना बरोबर असायचा. वडील गेल्यावर तो माळ्यावर पडून होता. आता टाकीच्या रंगाचे पापुद्रे निघतात, खालून धातू दिसतो. अंबडच्या एमआयडीसीतला एक पावडर कोटिंगवाला म्हणतो, ‘एका दिवसात नवा करून देतो.’ द्यावा का? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : देऊ नका. निदान टाकीला लोहचुंबक लावून बघितल्याशिवाय तर नाहीच.

पावडर कोटिंगचे काम पक्के असते, गाडीच्या रिमला आणि लोखंडी खुर्चीला त्याच्यासारखे दुसरे नाही. पण ती पावडर बसवायला वस्तू भट्टीत घालून साधारण १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतात. जुन्या पितळी टाक्यांच्या सांध्यांना पुष्कळदा कथिल आणि शिशाची मऊ झाळण (सोल्डर) असते, आणि ती १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते. म्हणजे रंग पक्का व्हायला आणि टाकीचा सांधा सुटायला जवळपास एकच उष्णता लागते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सातपूरला माझे गाड्यांच्या रंगकामाचे गॅरेज होते. त्र्यंबकच्या बाजूचे एक आजोबा लग्नांना गॅसबत्त्या भाड्याने द्यायचे. त्यांनी एक पितळी टाकी माझ्याकडे रंगवायला दिली आणि मी ती विश्वासाने दुसऱ्याच्या भट्टीत पाठवली. परत आली तेव्हा रंग आरशासारखा होता, पण टाकीच्या बुडाशी झाळणीचे बारीक थेंब ओघळून गोठलेले दिसले. पंप मारून साबणाचे पाणी लावले तर सांध्याभोवती बुडबुडेच बुडबुडे. तांबटाकडून पुन्हा झाळून घ्यावी लागली आणि त्या आगीत नवा रंग जळाला. आजोबा रागावले नाहीत, आणि ते मला अजून जास्त लागते. तेव्हापासून दाब सहन करणारी कोणतीही टाकी मी भट्टीत घातली नाही.

चुंबक चिकटला नाही तर टाकी पितळी समजा. चिकटला तरी निर्धास्त होऊ नका, वर बसवलेल्या भागांना झाळण असू शकते.

आता काय करायचे ते सांगतो. पहिल्यांदा रंगाला हात लावू नका, टाकीला लावा. इंधन पूर्ण काढा, झाकण उघडे ठेवून दोन-तीन दिवस मोकळ्या हवेत वाळवा. मग रिकाम्या टाकीत पंपाने थोडी हवा भरून सगळ्या सांध्यांना साबणाचे पाणी लावा. बुडबुडा आला तर रंगाचा विषय तिथेच थांबवा. भांडी बाजारात झाळकाम जाणणारे जुने हात अजून मिळतात. टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी आहे हे त्यांना तोंडाने सांगा, कारण वाफ राहिलेल्या टाकीला आग लावणे जीवावर बेतते. गळतीवर लांबी (पुट्टी) भरून वरून रंग मारणारे लोक मी पाहिले आहेत. लांबीने दाब अडत नाही. पत्र्याची टाकी आतून गंजून खड्डे पडले असतील, तर ती रंगवून कपाटात ठेवा, पेटवू मात्र नका.

जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता धरूनच चाला. कोरडा पॉलिश पेपर घासून धूळ उडवू नका. वॉटर पेपर घ्या, पाण्यात बुडवून घासा, लेकरांना जवळ येऊ देऊ नका, आणि तो लाल गाळ तुळशीच्या कुंडीत ओतू नका. बत्तीत जुनी जाळी (मेंटल) लावलेली असेल तर तीही फुंकर मारून झाडू नका, कारण जुन्या जाळ्यांत थोरियम हे किरणोत्सारी मूलद्रव्य असायचे. ओल्या फडक्याने अलगद उचलून बंद पिशवीत टाका.

सगळा रंग काढायलाच हवा असे नाही. जिथे तो धातूला घट्ट धरून आहे तिथे फक्त कडा गुळगुळीत करा. तुमच्या वडिलांच्या हातांनी जिथे झिजवला असेल, तिथली झीज मी असतो तर तशीच ठेवली असती. बुडाला ठोकलेली आकडे-अक्षरे लांबीने भरू नका, कंदील कधी बनला ते त्यांच्यावरूनच कळते.

छटा जुळवायला काच धरणाऱ्या पिंजऱ्याची खालची कडा टाकीवर जिथे बसते तिथे बघा. ऊन न पोहोचल्याने मूळ लाल तिथे शाबूत असतो. गाड्यांचा रंग विकणाऱ्या दुकानात टाकीच घेऊन जा, मोबाइलवरचा फोटो दाखवून छटा जुळत नाही.

पितळेवर साधा प्रायमर धरत नाही, पहिल्याच उन्हाळ्यात सालपटे निघतात. धातूला चावणाऱ्या इच प्रायमरचा एक पातळ हात द्या, वर हार्डनर घालायचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग. बाजारातल्या साध्या स्प्रे डब्याचा रंग दिसतो छान, पण टाकी भरताना इंधनाचा ओघळ आला की तो मऊ होऊन बोटाला चिकटतो. पीयू रंग वाळला की इंधनाला दाद देत नाही. पण हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, फुप्फुसाला ते वाईट. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, योग्य गाळणीचे काडतूस बसवलेला मास्क हवा. तो नसेल तर माहीतगार रंगाऱ्याकडूनच मारून घ्या, फक्त हवेत वाळवायचे आहे हे त्याला दोनदा सांगा. पातळ तीन हात, मध्ये दहा-पंधरा मिनिटे. नाशिकच्या पावसाळ्यात हे काम काढू नका, दमट हवेत रंगावर पांढरट साय धरते. दिवाळीनंतर काढा, आणि थंडीतही सकाळचे गारठ्याचे तास सोडून दुपारी अकरा ते तीन या वेळात. आठवडाभराने बुडाशी रॉकेलचे फडके चोळून बघा. फडक्याला लाल आले नाही तर रंग बसला.

एक राहिले. डोक्यावरची टोपी, जिच्यातून गरम हवा बाहेर पडते, ती रंगवलेली नसते. तिच्यावर काचेसारखे पोर्सलीन इनॅमल भट्टीत वितळवून बसवलेले असते. साबणाने धुवा. टवका उडाला असेल तर राहू द्या. टाकीचा रंग तिच्यावर मारलात तर पहिल्याच रात्री करपेल आणि खोलीभर धूर होईल.

प्रश्न : ऑप्टिमस ८आर हा छोटा स्टो आहे, निळ्या पत्र्याच्या डबीतला. बर्नरजवळ निळा रंग जळून गंज आला आहे. सगळा एकाच रंगाने रंगवला तर चालेल का? (एक वाचिका, पंचवटी)

उत्तर : डबीचा आतला, बर्नरकडचा भाग आणि बाहेरचा भाग वेगळे समजा. आत उष्णता सोसणारा सिलिकॉन रंग मारा. तो बहुधा चकाकत नाही आणि डब्यावर सांगितले असेल तसा टप्प्याटप्प्याने तापवावा लागतो, नाहीतर नखाने निघतो. बाहेर चांगला एनॅमल रंग पुरे. गंजासाठी लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून त्यात पत्र्याची डबी काही तास ठेवा, मधूनमधून ब्रशने घासा, मग धुऊन लगेच उन्हात वाळवा. ओली राहिली तर तासाभरात पुन्हा तांबूस होईल.

पितळी टाकी डबीतून काढून बाजूला ठेवा, तिला रंग लावूच नका. हा स्टो स्वतःच्या उष्णतेनेच टाकीत दाब तयार करतो, आणि जास्तीचा दाब सोडणारी झडप टाकीच्या झाकणातच असते. तिथे रंगाचा एक थेंब जाऊन बसला तर झडप वेळेला उघडणार नाही. झाकणावर आधी चिकटपट्टी लावा, मगच डबीला ब्रश.

प्रश्न : आजोबांच्या पेट्रोमॅक्सवरचा चंदेरी रंग ठिकठिकाणी उडून पिवळा धातू दिसतो. चंदेरी स्प्रे मारू का? (एक वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : तो रंग नाही, पितळेवरचा निकेलचा मुलामा आहे. स्प्रे मारू नका. एकतर पुन्हा निकेल प्लेटिंग करून घ्या, तेही वायसर, पंप आणि बर्नर काढून ठेवून. नाहीतर जुना मुलामा पूर्ण उतरवून पितळच चमकवा. माझ्या घरी आहे ती पितळीच आहे. दिवाळीत बायको ती चिंचेने घासते आणि अंगणात पेटवते.