ऑक्सिजन सेन्सर जोडताना घाई नको, भाऊ

सायलेन्सर अन् कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) बदललं, आता चेक इंजिनचा दिवा लागला म्हणतोस. पहिले हे पाहा, धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या दोन्ही सेन्सरचे कपलर, म्हणजे वायर जोडायचे प्लग, अदलाबदल तर नाही झाले? कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर इंधनाचं प्रमाण ठरवायला असतो, नंतरचा कन्व्हर्टरवर नजर ठेवायला. काही गाड्यांत कपलर सारखेच दिसतात. म्हणून खोलायच्या आधीच चिकटपट्टी लावून खूण करायची, मोबाइलवर फोटो काढायचा.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र) असेल तर साध्या, म्हणजे वाइडबँड (इंधन-हवेचं नेमकं प्रमाण मोजणारा प्रकार) नसलेल्या सेन्सरची परीक्षा सोपी आहे. इंजिन तापलं की पुढच्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान सारखं नाचतं, मागच्याचं बरंचसं स्थिर राहतं. उलटं दिसलं, तर वायर उलट्या.

सेन्सर आवळताना कपलर सुटाच ठेव, नाही तर वायरला पीळ बसून आतून तुटते. अँटीसीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाला बोटभरही नको. नव्या सेन्सरला बहुतेक वेळा ते आधीच लावलेलं असतं. जॉइंटला साधं सिलिकॉन फासू नको, त्याच्या वाफेनं सेन्सर मरतो. मी एकदा फासलं होतं, सेन्सरचे पैसे पाण्यात.

वायर मूळच्या क्लिपातच अडकव. पाइपाला टेकली की वितळलीच समज. अन् हे काम सकाळी गार इंजिनवर कर. मे महिन्यातल्या आपल्या नागपुरी दुपारी तर पानाही हातात धरवत नाही.